तीस खाटांचा हिशेब

रावेर, यावल, एरंडोल, भडगाव, साक्री, पिंपळनेर, शिंदखेडा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अशा गावांमध्ये एकेक ग्रामीण रुग्णालय आहे. शासनाच्या नमुन्याप्रमाणे त्यात तीस खाटा, एक शस्त्रक्रियागृह, एक प्रसूतिकक्ष, प्रयोगशाळा, एक्स-रे आणि दारात रुग्णवाहिका असते. केंद्राच्या निकषांत यालाच सामुदायिक आरोग्य केंद्र म्हटले जाते. सपाटीवर १,२०,००० लोकांमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ८०,००० लोकांमागे असे एक केंद्र असावे, असा हिशेब आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या वरची आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयाखालची ही पायरी. हे रुग्णालय काम किती करते, ते मोजायचे कसे, आणि आहे त्या माणसांत, आहे त्या पैशात ते आणखी किती करू शकेल, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

माझा कल आधीच सांगून टाकतो. ग्रामीण रुग्णालयाची कार्यक्षमता आपण दारातून आत आलेल्या माणसांवरून मोजतो. ओपीडी किती, भरती किती, बाळंतपणे किती. दारातून पुढे पाठवलेल्या माणसांची मोजणी मात्र कोणी मनावर घेत नाही. प्रत्येक रुग्णालयात रेफरचे रजिस्टर असते. सगळ्यात कमी वाचले जाणारे रजिस्टर तेच, आणि रुग्णालयाची खरी हकीकत त्याच रजिस्टरात असते.

एक साधा गुणाकार करून पाहू. महाराष्ट्राचा जन्मदर दर हजारी सुमारे पंधरा आहे. म्हणजे १,२०,००० लोकवस्तीत वर्षाला साधारण १,८०० बाळे जन्मतात. त्यांपैकी दहा टक्के बाळंतपणे सिझेरियनखेरीज सुखरूप होणार नाहीत असे धरले, आणि हा अंदाज सढळ नाही, तरी वर्षाला १८० सिझेरियन होतात, म्हणजे दर दोन दिवसांनी एक. आता एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात सिझेरियनच्या रकान्यात शून्य असेल, तर त्या १८० बायका कुठे गेल्या? काही थेट खासगी प्रसूतिगृहात गेल्या, दागिने मोडून. काही रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेतून जळगावला किंवा धुळ्याला निघाल्या. चोपड्याहून जळगाव पन्नासेक किलोमीटर आहे, पिंपळनेरहून धुळे त्याहून बरेच लांब. अहवालातल्या शून्यात हा प्रवास दिसत नाही. उलट त्या रुग्णालयाची ‘माता मृत्यू’ची ओळही कोरी राहते, कारण जे काही वाईट घडले ते वाटेत घडले किंवा दुसऱ्याच्या वॉर्डात.

मोजमापाची शास्त्रे या प्रश्नाकडे कशी पाहतात ते थोडे तपशिलात बघू, कारण पुढचे तक्ते त्यांवरच उभे आहेत.

सर्वांत जुने माप खाटांचे. तीस खाटा गुणिले ३६५ दिवस म्हणजे वर्षाचे १०,९५० खाट-दिवस. त्यांतले किती भरले, ही झाली खाटांची व्याप्ती. एका खाटेवर वर्षात किती रुग्ण येऊन गेले, ही खाटेची उलाढाल. एक रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, हे तिसरे माप. कोलंबियाच्या पाबोन लासो यांनी १९८६ मध्ये ही तिन्ही मापे एकाच आलेखावर आणली. आडव्या अक्षावर व्याप्ती, उभ्या अक्षावर उलाढाल, आणि दोन्हींच्या सरासरीच्या रेघा ओढून चार चौकोन. व्याप्तीही जास्त आणि उलाढालही जास्त, तो चांगला चौकोन. दोन्ही कमी, तो वाईट. उरलेल्या दोन चौकोनांत बसणाऱ्यांना खुलासा द्यावा लागतो. कागद, पेन्सिल आणि रजिस्टर एवढ्यावर होणारे हे काम आहे. तालुक्याच्या बैठकीत संगणक बंद पडला तरी अडत नाही.

पण खुलासा खरोखर ऐकावा लागतो. समजा दोन रुग्णालयांत वर्षाला प्रत्येकी २,१९० रुग्ण भरती झाले. एकात रुग्ण सरासरी चार दिवस राहिला, तर व्याप्ती ८० टक्के. दुसऱ्यात दोन दिवस राहिला, तर ४० टक्के. उलाढाल दोन्हीकडे सारखीच, खाटेमागे ७३. पहिले चांगले आणि दुसरे ढिले? दुसऱ्यात बहुतेक साधी बाळंतपणे असतील आणि अठ्ठेचाळीस तासांनी बाळ-बाळंतीण नियमाप्रमाणे घरी जात असतील, तर दोन दिवस हेच योग्य उत्तर आहे. पहिल्यात पोषण पुनर्वसन केंद्र असेल तर तिथले कुपोषित मूल दोन आठवडे राहणार, राहिलेच पाहिजे. त्याला लवकर घरी पाठवून सरासरी सुधारणारा अधीक्षक आकड्यांत हुशार ठरेल आणि सातपुड्यातल्या पाड्यावरचे मूल महिन्याभरात परत येईल. की येणारही नाही.

हिवाळ्यात तर हा आलेख वेडावाकडा होतो. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची शिबिरे थंडीत लागतात. एका दिवसात इतक्या बायका भरती होतात की तीस खाटा पुरत नाहीत आणि जमिनीवर गाद्या पडतात. त्या दिवसांत व्याप्ती शंभराच्या वर जाते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, त्याच वॉर्डातले पंखे रिकाम्या खाटांवर फिरतात. वर्षाची सरासरी काढली की गर्दी आणि शुकशुकाट दोन्ही पुसले जातात आणि मधला एक सभ्य आकडा उरतो. म्हणून महिन्याच्या महिन्याला मोजा, आणि खाटा मध्यरात्री मोजा, दुपारच्या राउंडला नको.

दुसरे शास्त्र जरा जड आहे. १९५७ मध्ये फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने उत्पादनाची कार्यक्षमता मोजण्याची एक रीत मांडली, आणि उदाहरण घेतले अमेरिकेतल्या शेतीचे. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी तिला गणिती घाट दिला. तिचे इंग्रजी नाव डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, तोंडी वापरात ‘डीईए’. (१९७८ हेच अल्मा-आटाच्या जाहीरनाम्याचे वर्ष. ‘सर्वांसाठी आरोग्य’ आणि ते आरोग्य मोजणाऱ्यांचे हत्यार एकाच वर्षी जन्मले.) डीईएचे तत्त्व उदार आहे. प्रत्येक रुग्णालयाला आपल्या कामाचे वजन स्वतः ठरवू द्यायचे. तुम्हाला ओपीडीचा अभिमान असेल तर ओपीडीला जास्त वजन द्या, शस्त्रक्रियांचा असेल तर शस्त्रक्रियांना द्या. एवढी सवलत देऊनही दुसरे एखादे रुग्णालय, किंवा दोन-तीन रुग्णालयांचे मिश्रण, तितक्याच साधनांत तुमच्यापेक्षा जास्त काम करून दाखवत असेल, तर तुमचा गुण एकाच्या खाली येतो. सरासरीशी तुलना नाही, आपल्यासारख्यांतल्या उत्तमाशी तुलना. ही गोष्ट मला न्यायाची वाटते. पिंपळनेरची तुलना पुण्याशी करण्यात काय अर्थ आहे?

तरी खानदेशात ही रीत वापरताना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली ठेच संख्येची. जळगावचे पंधरा तालुके आणि धुळ्याचे चार मिळून ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये मोजकीच भरतात. साधने आणि कामे मिळून जेवढे रकाने घ्याल त्याच्या निदान तिप्पट रुग्णालये हवीत, असा अभ्यासकांचा अडाखा आहे. हौसेने दहा रकाने घेतले की निम्म्याहून अधिक रुग्णालये पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मग सगळे खूश आणि अभ्यास निरुपयोगी.

दुसरी ठेच जास्त खोल आहे. समजा एका रुग्णालयात पाच डॉक्टर आहेत, वर्षाची ओपीडी ६०,००० आणि सिझेरियन ३००. दुसऱ्यात दोनच डॉक्टर, ओपीडी ४०,००० आणि सिझेरियन शून्य, कारण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. डॉक्टरमागे ओपीडी पाहिली तर पहिले १२,००० आणि दुसरे २०,०००. गणित दुसऱ्याला शाबासकी देते. सिझेरियनचा रकाना वाढवला तर? दुसरे रुग्णालय त्या रकान्याला शून्य वजन देऊन मोकळे होते आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. थोडक्यात, रिकामी खुर्ची कार्यक्षम ठरते. जी जागा भरलीच नाही तिचा पगार नाही, म्हणून साधन कमी, म्हणून गुण जास्त. २०२१-२२ च्या केंद्रीय ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत विशेषज्ञांची सुमारे ८० टक्के कमतरता नोंदली आहे. अशा देशात हे गणित निष्पाप राहत नाही. यावर उपाय आहे. वजनांना खालची मर्यादा घालता येते, आणि साधनांमध्ये भरलेल्या पदांऐवजी मंजूर पदे धरता येतात. पण तो उपाय करायचा तर रुग्णालयाने काय केलेच पाहिजे हे आधी ठरवावे लागते, आणि ते संगणक ठरवू शकत नाही.

खानदेशी वाचकाला जिनिंगचा हिशेब ठाऊक असतो. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई उतरली की उतारा बरा. पण व्यापारी उताऱ्यावरून जिनाला नावे ठेवण्याआधी कापूस कोणत्या वेचणीचा, ओला की सुका, हे बघतो. रुग्णालयाच्या उताऱ्यापाशी आलो की हे भान आपण का सोडतो, कळत नाही.

इथला कच्चा माल, म्हणजे येणारा रुग्ण, जागोजाग वेगळा आहे. रावेर-यावलला केळीच्या मळ्यांवर सातपुड्यातून आलेले पावरा, बारेला, तडवी मजूर असतात. चाळीसगावकडून आणि साक्रीकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. त्यांची गरोदर बाई पाचव्या महिन्यात नोंदली जाते आणि नवव्या महिन्यात दुसऱ्याच जिल्ह्याच्या फडावर असते. शिरपूरच्या पुढे पळासनेरला मध्य प्रदेशची हद्द लागते. मुंबई-आग्रा महामार्गावरचे अपघात शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात येतात आणि सेंधव्याकडचे रुग्णही येतात. रावेरला बऱ्हाणपूर जळगावपेक्षा जवळ. लोकसंख्या तालुक्याची धरायची आणि काम दोन राज्यांचे मोजायचे, मग ‘दर हजारी’ला अर्थ राहत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट दिसते, कारण बाजारहाट आणि दवाखाना एकाच फेरीत होतो. कापूस वेचणीला ती पडते. रोग पडलेला नसतो, मजुरी बुडवणे परवडत नसते. दारावर येणारा माणूस आधी अहिराणीत विचारतो, ‘डाक्टर शे का?’ बाहेरून मोजणाऱ्याला हा प्रश्न ऐकू येत नाही, पण उत्तर ‘नाही’ आले तर तो माणूस केसपेपर काढतच नाही आणि कुठल्याच आकड्यात येत नाही.

केसपेपरचीही एक गंमत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासण्या व उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगलाच आहे. पण पूर्वी जुना कागद जपून वापरणारा रुग्ण आता दर फेरीला नवा काढू शकतो. २०२२ ची आणि २०२४ ची ओपीडी शेजारी ठेवून ‘कामगिरी सुधारली’ असे लिहिण्याआधी निदान एवढा विचार करावा.

नोंद आणि वास्तव यांच्यातली फट किती रुंद असू शकते हे जळगावने जून २०२० मध्ये पाहिले. करोनाच्या पहिल्या लाटेत जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली एक वृद्ध महिला बेपत्ता असल्याची नोंद झाली, आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचे निलंबन झाले. ते रुग्णालय ग्रामीण नव्हते आणि ते दिवस नेहमीचे नव्हते. तरीही खाट कोणाची, माणूस कुठे आणि कागद काय म्हणतो, या तीन गोष्टी रोज ताडून पाहणे ही कार्यक्षमतेची पहिली पायरी आहे, हे त्या घटनेनंतर वेगळे सांगायला नको होते. २००८ पासून देशभर आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत दरमहा आकडे भरले जातात. ते वरच्या टेबलासाठी भरले जातात. रुग्णालयातल्या परिचारिकांना स्वतःच्याच वॉर्डाचा सहा महिन्यांचा आलेख कधी दाखवला जातो का, हा माझा नेहमीचा प्रश्न असतो.

रेफरचे रजिस्टर कोणी वाचत नाही याला एक प्रशासकीय कारण आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. आणि जळगावचे जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आल्यावर वैद्यकीय शिक्षण विभागाच्या छायेत गेले. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचे रुग्णालय आधीपासूनच त्या विभागाचे. पाड्यावरची एक बाळंतीण वर चढताना तीन खात्यांच्या हद्दी ओलांडते. प्रत्येक खाते आपली चिठ्ठी पुढे देते. चिठ्ठी परत येत नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरला आपला अंदाज बरोबर होता की चुकला, रुग्ण पोहोचला की नाही, काहीच कळत नाही. शिकणार कसा? २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका फोन केल्यावर येते, तिच्यात डॉक्टरही असतो. वाहतूक सुधारली, आणि वाहतूक सुधारल्यामुळे पुढे पाठवणे सोपेही झाले. हे दोन्ही एकदम खरे आहे.

रेफर करणे म्हणजे कामचुकारपणा, असे मात्र मुळीच नाही. पावसाळ्यात शेतातून सर्पदंशाचा रुग्ण येतो. विषबाधेची लक्षणे दिसताच प्रतिविषाच्या साधारण दहा व्हायल सुरू करून, श्वासाकडे लक्ष ठेवून, व्हेंटिलेटर लागेल असे दिसल्यावर पुढे पाठवणे हे उत्तम काम आहे. सलाईनची बाटली लावून नुसते ‘धुळ्याला न्या’ म्हणणे वेगळे. रजिस्टरात दोन्ही ‘सर्पदंश, रेफर’ अशा एकाच ओळीत बसतात. पाठवण्याआधी काय दिले, हा एक रकाना वाढला की त्यांतला फरक दिसू लागेल.

मोजणारा कोण असावा, यावर खानदेशातच एक प्रयोग झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आले आणि महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती. पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता, जो १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. गावच्या समित्यांनी सेवांना रंग द्यायचे: चांगली ती हिरवी, मध्यम पिवळी, वाईट लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते तक्ते मांडायचे. औषधे बाहेरून आणायला लावणे, पैसे मागणे, परिचारिका मुक्कामी नसणे या गोष्टी तिथे उघड बोलल्या गेल्या. अर्थशास्त्रज्ञ याला मोजमाप म्हणणार नाहीत. मी म्हणतो. पाबोन लासोच्या आलेखात ‘बाईला रात्री कोणी हात लावला नाही’ याला जागा नाही, लाल रंगात आहे. काचेच्या चौकटीतल्या ‘कायाकल्प’ पुरस्कारांनी, २०१५ पासून, स्वच्छतेला गुण दिले आणि अनेक आवार खरेच बदलले. पण पुरस्काराची तपासणी ठरवून येते, आणि बाळंतीण न ठरवता.

आता सुधारणा. महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थेत होतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. म्हणजे लोक दवाखान्यात येत नाहीत ही सबब संपली आहे. ते येतात आणि पुढे पाठवले जातात. शस्त्रक्रियागृह बांधलेले, टेबल बसवलेले, ऑटोक्लेव्ह चालू, स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, आणि भूल द्यायला कोणी नाही म्हणून सगळे कुलूपबंद. एका पदाअभावी पाच-सहा पदे आणि एक इमारत निकामी होते. त्यामुळे सुधारणेची सुरुवात ‘सगळीकडे थोडे थोडे’ अशी करू नये, जिथे एक कडी तुटली आहे तिथे करावी. एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भूलतंत्राचे प्रशिक्षण देण्याची सोय राष्ट्रीय अभियानात आहे. खासगी भूलतज्ज्ञाला प्रत्येक केसमागे मानधन देऊन बोलावण्याचीही आहे. तालुक्याच्या गावात असे तज्ज्ञ असतात. मात्र त्यांचे मानधन महिनोन्महिने थकले की तिसऱ्या बोलावण्याला ते येत नाहीत, आणि कार्यक्षमतेच्या कुठल्याही तक्त्यात ‘थकलेली बिले’ हा रकाना नसतो. दोन शेजारी रुग्णालयांनी एका भूलतज्ज्ञाचे वार वाटून घेणे, त्या वारांना नियोजित शस्त्रक्रिया ठेवणे आणि ते वार आशा ताईंपर्यंत पोहोचवणे याला नवा पैसा लागत नाही. वेळापत्रक लागते, आणि दोन अधीक्षकांचे एकमेकांशी बोलणे.

हे बोलणे घडवण्याची जागा रुग्ण कल्याण समिती ही आहे. तिच्याकडे थोडा अबंधित निधी असतो. तो पडद्यांवर, रंगावर आणि उद्‌घाटनाच्या फलकावर जातो, तेव्हा निदान इतके तरी व्हावे की प्रत्येक बैठकीत मागच्या महिन्याचे रेफर रजिस्टर मोठ्याने वाचले जावे. नावे नकोत. दुखणे, वेळ, पाठवण्याआधी दिलेले उपचार, पाठवण्याचे कारण, आणि पुढे काय झाले, एवढेच. शेवटचा रकाना सुरुवातीला कोरा राहील, कारण चिठ्ठी परत येण्याची सवय कोणालाच नाही. तो भरण्यासाठी जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तालुकानिहाय एक फोन ठरवावा लागेल, आणि तो उचलणारा एक कर्मचारी. ‘कारण’ या रकान्यात ‘भूलतज्ज्ञ नाही’ हे दोन शब्द किती वेळा आले, ते मोजून जिल्हाधिकाऱ्यांच्या नियोजन बैठकीत ठेवावे. मंजूर पद रिकामे असल्याचे पत्र वर जाऊन फायलीत पडते. त्या पदाअभावी एका तिमाहीत इतक्या बायका साक्रीहून धुळ्याला गेल्या, हा आकडा टेबलावर आला तर त्याला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घेता येते.